आठ उशा आणि लग्नाचा दाखला

सोमवारी सकाळी काली शहरातून रुबिएलाचा फोन आला, तेव्हा गिल्दार्दो बुरितिका मक्याच्या भाकरीवर लोणी लावत होता. "मी शनिवारी येतेय," ती म्हणाली. त्याने "बरं" म्हटलं. ती म्हणाली, "ठेवते." त्यानेही "बरं" म्हटलं. चाळीस दिवसांत त्यांची जी काही बोलणी झाली, त्यातलं हे बऱ्यापैकी लांबलचक.

रुबिएला गेली होती बहिणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी. पंधरा दिवसांसाठी. आम्पारोचा गुडघा पंधरा दिवसांत चालायला लागला, पण रुबिएला काही आली नाही, आणि ती का येत नाही हे गिल्दार्दोने विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. जाण्याच्या चार दिवस आधी त्याच्या तोंडून एक वाक्य गेलं होतं. रात्री झोपण्याआधी पलंगावरच्या शोभेच्या उशा एकेक करून खुर्चीवर रचताना तो म्हणाला होता, "ज्यांच्यावर कुणी डोकं ठेवत नाही त्या उशा कसल्या? एकतीस वर्षं मी हमाली करतोय."

रुबिएलाने वळून पाहिलं होतं. "तुम्हाला ठाऊक तरी आहे का, ह्या पलंगावर काय असतं ते?"

"न ठाऊक असायला काय झालं?"

"मग सांगा. डोळे मिटून सांगा."

त्याने डोळे मिटले होते आणि, खरं सांगायचं तर, झोपून गेला होता.

तेव्हा सोमवारी, उरलेली भाकरी तशीच बशीत ठेवून, गिल्दार्दोने निश्चय केला. शनिवारी रुबिएला दार उघडेल, खोलीत येईल, आणि पलंग जसाच्या तसा मांडलेला असेल. माफी नाही, भाषण नाही. पलंगच काय ते बोलेल. चौतीस वर्षं जमीन मोजणीच्या कचेरीत काढलेला माणूस होता तो. अर्ध्या प्रांतातल्या कॉफीच्या मळ्यांच्या हद्दी त्याला पाठ होत्या. कुठला ओढा कुणाच्या कुंपणातून जातो, हे तो झोपेत सांगायचा. त्याच्यापुढे एक पलंग म्हणजे काय? सहा फूट बाय साडेसहा.

आधी उशा गोळा करायला हव्या होत्या. रुबिएला गेल्यावर त्या खुर्चीवरून पलंगावर परत आल्याच नव्हत्या. घरभर पांगल्या होत्या. तपकिरी मखमलीच्या दोन मोठ्या चौकोनी खुर्चीवरच सापडल्या. मोहरीच्या रंगाच्या, झालरवाल्या दोन टीव्हीसमोर होत्या. क्रोशाच्या पांढऱ्या दोन पलंगाखाली. पक्ष्याचा कशिदा असलेली चिमुकली उशी स्वयंपाकघराच्या खिडकीची फट बुजवायला लागली होती, कारण त्यांच्या मानिसालेस शहरातला डोंगरवारा जुलैमध्ये कुणाची भीड ठेवत नाही. मधोमध बटण असलेली गोल उशी मात्र कुठेच मिळेना. तासाभराने त्याला आठवलं की खाली दारवानाची पाठ दुखत होती म्हणून आपणच मोठ्या मनाने ती त्याला देऊन टाकली होती. ती परत मागताना त्याने मान इतकी खाली घातली, की दारवानालाच वाटलं घरात कुणी गेलं.

आठ झाल्या. आणि मग त्याला आठवला तो लोड. लांब, दोन्ही टोकांना गोंडे, सगळ्यांच्या पुढे आडवा पडलेला. रोज रात्री पहिल्यांदा उचलायचा तो हाच. हा लोड घरात कुठेच नव्हता.

असो. लोडाचं नंतर पाहू, म्हणून त्याने आठ उशा मांडल्या. चुकीचं वाटलं. उलट मांडल्या. आणखी चुकीचं वाटलं. त्याने एकतीस वर्षांचे फोटो कपाटातून बाहेर काढले: लग्नं, बारशी, मुलीची पदवी, गळका नळ तीन बाजूंनी. पलंगाचा एकही नाही. शेवटी त्याने आलेखाचा कागद घेतला, वर उत्तरेचा बाण काढला, आणि पलंगाचा नकाशा करायला बसला. बाण काढून झाला. पुढे काही सुचेना.

अशा वेळी खरं तर दार आतून लावून घ्यावं. गिल्दार्दोने ते उघडं ठेवलं, कारण गोल उशी आणताना त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते.

"कुणी आजारी आहे का?" समोरच्या घरातल्या फाबिओलाबाई आत आल्या. शेजारधर्म पाळण्यात ह्या बाईंनी आजवर कधी सुट्टी घेतली नव्हती. पलंग पाहून त्यांनी गालावर हात ठेवला. "अगं बाई! हे काय, दुकान मांडलंय का?"

त्याला सांगावं लागलं.

"इतकंच ना? सोपं आहे. मोठी मागे, लहान पुढे, आणि एकूण आकडा विषम. सम कधी नाही. सम म्हणजे हॉटेल. मी मोबाईलवर रोज बघते ना! आणि प्रत्येक उशीच्या डोक्यावर मधोमध असा एक फटका द्यायचा." त्यांनी मखमलीच्या उशीला तळहाताच्या कडेने असा दणका दिला की तिच्यातून चाळीस दिवसांची धूळ उठली. फाबिओलाबाईंना सटासट शिंका आल्या. "आधी ह्यांना हवा लावा, साहेब. ह्या स्थितीत त्या मांडणं म्हणजे पाप आहे."

मंगळवारी सकाळी लख्ख ऊन पडलं. मानिसालेसमध्ये असं ऊन पडलं की शहाणी माणसं सावध होतात. गिल्दार्दोने आठही उशा गॅलरीच्या कठड्यावर रांगेत बसवल्या आणि आत जाऊन गुळाचं पाणी उकळायला ठेवलं. ते उकळेपर्यंत डोंगराने, म्हणजे आपल्या नेहमीच्या ज्वालामुखीने, किंचित खाकरून घसा साफ केला. फार नाही. रेडिओवर बातमी देण्याइतकंही नाही. फक्त बारीक राखाडी भुकटी वाऱ्यावर आली आणि सबंध गल्लीत बाहेर काढलेल्या आठच वस्तूंवर अलगद बसली.

मखमलीवर राख बसली की ती झटकू नये. हे त्याला झटकल्यावर कळलं.

तेव्हा वरच्या मजल्यावरचे एरिबेर्तो मास्तर जिना उतरत होते. तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले, विधुर, आणि दिवसातून चार वेळा काहीतरी विसरलं म्हणून जिना चढउतार करणारे. त्यांनी उशा पाहिल्या, गिल्दार्दोच्या कपाळावरची राख पाहिली, आणि सगळी हकीकत ऐकून घेऊन विचारलं, "पलंगाचा मध्य काढलात का?"

"नाही."

"मग कशाच्या जोरावर मांडताय? आधी मध्यरेषा. मग दोन समान भाग. डावीकडे जे, तेच उजवीकडे. फाबिओलाबाईंचं विषम वगैरे सोडा. निसर्गाने माणसाला डोळे दोन दिलेत."

"आणि नाक एक!" फाबिओलाबाई आपल्या दारातून ओरडल्या. त्या दारातच उभ्या होत्या हे दोघांनाही माहीत नव्हतं.

दोघांचा वाद दुपारपर्यंत चालला. दरम्यान गिल्दार्दोने अभ्रे काढून धुतले आणि, इथे त्याचं चुकलं, आतल्या उशाही टबात बुडवल्या. सुक्या असताना ज्या निमूट होत्या त्या पाणी पिऊन वासरांएवढ्या जड झाल्या. पिळल्यावर आतला कापूस एका कोपऱ्यात गोळा झाला. मंगळवारी संध्याकाळी धुकं उतरलं, आणि एकदा उतरलं की ते आपल्या मर्जीने जातं. बुधवारी सकाळी आठही उशा होत्या तेवढ्याच ओल्या होत्या. त्यांना आता वासही यायला लागला होता.

आणि बुधवारीच त्याला टेबलाच्या खणात ती पावती मिळाली. चौकातल्या धुलाईच्या दुकानाची, रुबिएलाच्या नावाची, ती गेली त्याच्या आदल्या दिवशीची. "१ नग, मोठा, लांब, गुंडाळलेला." गिल्दार्दोने पावती दोनदा वाचली. मोठा. लांब. गुंडाळलेला. लोड! एवढं स्वच्छ वर्णन तर त्याच्या कचेरीतल्या खरेदीखतांतही नसायचं. तो तसाच, मफलर न घालता, निघाला.

दुकानातल्या मुलीचं नाव मार्लेनी, असं तिच्या छातीवर लिहिलं होतं. तिने पावती उलटसुलट पाहिली.

"ही बाईंच्या नावावर आहे, साहेब."

"मी त्यांचा नवरा."

"असाल ना. पण नियम आहे. मागे असेच एक गृहस्थ आले, तुमच्यासारखेच सभ्य दिसणारे. बायकोच्या नावावरचं सगळं घेऊन गेले, अगदी पडद्यांसकट. दुसऱ्या दिवशी बायको आली. आमच्या मालकीणबाईंना ती जे बोलली ते मी सांगू शकत नाही. तेव्हापासून बाईंचं अधिकारपत्र लागतं, नोटरीच्या शिक्क्याचं, अंगठ्याचा ठसा असलेलं."

"त्या बाहेरगावी आहेत. आणि त्यांना कळता कामा नये."

मार्लेनीने हातातला पेन खाली ठेवला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

"म्हणजे," गिल्दार्दो घाईने म्हणाला, "त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचाय."

"त्या गृहस्थांनीही दिला होता," मार्लेनी म्हणाली.

बऱ्याच वादानंतर तिने मालकीणबाईंना फोन केला आणि तोडगा निघाला. नवरा असल्याचा पुरावा द्या. लग्नाचा दाखला आणा. गिल्दार्दो घरी जाऊन घेऊन आला. मार्लेनीने तो प्रकाशात धरला. "हा एकतीस वर्षांपूर्वीचा आहे. नव्वद दिवसांच्या आतला हवा."

"अहो, लग्नच एकतीस वर्षांपूर्वी झालं!"

"झालं हो. पण अजून आहे का, हे ह्यावरून कसं कळणार?"

गिल्दार्दोने दाखल्याची घडी घातली. हेच वाक्य चौतीस वर्षं तो स्वतः खिडकीच्या आतल्या बाजूने लोकांना ऐकवत आला होता, फक्त जमिनीबद्दल. खिडकीच्या बाहेर ते इतकं खालच्या पातळीचं ऐकू येतं, हे त्याला तोवर ठाऊक नव्हतं.

नवा दाखला मिळणार रुबिएलाच्या माहेरच्या गावी, जिथे लग्नाची नोंद होती. डोंगरातून तीन तास. गुरुवारी पहाटे त्याने घराची किल्ली फाबिओलाबाईंकडे दिली, कारण उशा वाळवण्याचं काम त्यांनी आणि मास्तरांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं. मास्तर केस वाळवायचं यंत्र आणणार होते. विधुराकडे ते का असावं, हे विचारायची ती वेळ नव्हती.

गावच्या कचेरीतल्या कारकुनाने एक फॉर्म दिला. "कारण" असा रकाना होता. निवृत्तिवेतन, वारसा, परदेशप्रवास, विभक्त होणे, इतर. गिल्दार्दोने बराच वेळ विचार करून "इतर"वर खूण केली आणि पुढच्या ओळीत प्रामाणिकपणे लिहिलं: उशी.

कारकुनाने ते वाचलं. चष्मा काढला. "साहेब, इतकं लाजू नका," तो हलक्या आवाजात म्हणाला. "साठीनंतर हल्ली पुष्कळ येतात." आणि त्याने दाखला रांगेबाहेर काढून दिला.

त्या सहानुभूतीचा अर्थ काय, हे परतीच्या वाटेवर सबंध वेळ गिल्दार्दोला कळलं नाही. विचार करायला वेळ मात्र भरपूर मिळाला. अर्ध्या वाटेवर दरड कोसळली होती. उतारूंनी चिखलातून पायी पलीकडे जायचं आणि तिकडच्या बसमध्ये बसायचं, असं ठरलं. तो गुडघ्यापर्यंत बुडाला. दाखल्याचं पाकीट मात्र त्याने डोक्यावर धरलं होतं, ते घरी पोचेपर्यंत तसंच.

संध्याकाळी सातच्या सुमाराला त्याने स्वतःच्या घराचं दार ढकललं, आणि जेवणाच्या टेबलाशी रुबिएला बसलेली होती.

दोन दिवस आधीच. आम्पारोशी भाताच्या शिजण्यावरून काहीतरी बिनसलं होतं म्हणे. दुपारी तीनला तिने घर उघडलं तेव्हा तिच्या झोपायच्या खोलीत एरिबेर्तो मास्तर पायातले जोडे काढून पलंगावर गुडघे टेकून बसले होते, तोंडात दोरीचं एक टोक, आणि दोरीचं दुसरं टोक फाबिओलाबाईंच्या हातात. दोघंही अजून तिथेच होती, पण त्यांनी तिला काही सांगितलं नव्हतं. गुपित फोडायचं नाही असं त्यांनी गिल्दार्दोला वचन दिलं होतं, आणि ते पाळायला नेमका हाच दिवस निवडला होता.

"कुठे गेला होतात?" रुबिएलाने विचारलं.

"तुझ्या गावाला."

"माझ्या गावाला? चिखल केवढा हा! आणि डोक्यावर काय धरलंय?"

गिल्दार्दोला खोटं कधी वेळेवर सुचायचं नाही. "लग्नाचा दाखला. नवा. नव्वद दिवस चालतो."

रुबिएलाचा चेहरा उतरला. तिने टेबलावरची मीठदाणी उचलली, तिथेच परत ठेवली.

"म्हणजे ठरवलंतच तर तुम्ही."

"हो, सोमवारीच ठरवलं. तू यायच्या आत सगळं उरकायचं होतं."

"मी यायच्या आत! मला एका शब्दाने विचारायचंसुद्धा नाही?"

"तुला विचारून केलं असतं तर त्यात काय राहिलं असतं?"

"आणि ह्या दोघांना माहीत होतं?"

"हो तर!" फाबिओलाबाई हुरूपाने म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून आम्ही बरोबर आहोत. एकट्याने झेपलं असतं का त्यांना?"

"माझं मत मी स्पष्ट सांगितलं," एरिबेर्तो मास्तर म्हणाले. "मधोमध रेषा मारा आणि दोन समान भाग करा. त्यात भांडणाला जागा राहत नाही."

"आणि मी म्हटलं, समान मुळीच नको. एका बाजूला जास्त गेलं तरच शोभा!"

रुबिएला उभी राहिली. "ह्या घराचे दोन समान भाग?"

"छे, छे! घराचे कशाला?" मास्तर म्हणाले. "पलंगाचे."

"पलंगाचेसुद्धा!" आणि चाळीस दिवस आम्पारोकडे न रडलेली रुबिएला तिथे, शेजाऱ्यांदेखत, ओक्साबोक्शी रडायला लागली. "एकतीस वर्षं... आणि करवतीने कापणार... चार उशा उचलाव्या लागतात म्हणून कुणी बायको सोडतं का हो?"

गिल्दार्दो चिखलाच्या पायांनी तसाच उभा. बायको सोडतं? कोण? त्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी फाबिओलाबाईंकडे पाहिलं. कारकुनाचा चष्मा, त्याचा तो हलका आवाज, मार्लेनीची नजर, हे सगळं त्याच्या डोक्यात अतिशय सावकाश, एकामागून एक येऊन बसलं.

"अगं, नाही!" तो इतक्या मोठ्याने ओरडला की खालून दारवानाने फोन केला. "सोडायला नाही! सोडवायला! लोड सोडवायला!"

मग सगळं सांगणं आलं. तो सांगत होता, मधून फाबिओलाबाई सांगत होत्या, आणि मास्तर त्या दोघांच्या चुका सुधारत होते. राख, टब, पावती, मार्लेनी, फॉर्मवरचं कारण. रुबिएला आधी डोळे पुसत ऐकत होती, मग डोळे न पुसता.

"पावती दाखवा," ती शेवटी म्हणाली. तिने ती वाचली. "हा लोड नाही. हा गालिचा आहे. इथला."

"कुठला?"

"इथला! जिथे तुम्ही उभे आहात तिथला."

चौघांनी खाली पाहिलं. टेबलाखाली उघडी फरशी होती, आणि तिच्यावर गिल्दार्दोच्या पावलांचे चिखलाचे ठसे. चाळीस दिवस तो तिथे रोज तीन वेळा खायला बसत होता.

"मला वाटलं, गार पडतंय हल्ली," तो म्हणाला.

"मग लोड गेला कुठे?" फाबिओलाबाईंना अर्धवट राहिलेली गोष्ट सहन होत नसे.

रुबिएलाने पॅसेजकडे हात केला. तिथे तिच्या बॅगेला दोरीने बांधलेली एक लांब प्लास्टिकची गुंडाळी होती. दोन्ही टोकांना गोंडे बाहेर लोंबत होते. "मी नेला होता," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "आम्पारोकडचा पलंग मोठा आहे. त्या बाजूला काहीतरी लागतं मला."

एरिबेर्तो मास्तरांना एकाएकी आठवलं की आपण वर काहीतरी विसरलोय. फाबिओलाबाईंना काही आठवलं नाही, म्हणून मास्तरांनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं.

शुक्रवारी दोघं गालिचा आणायला गेली. रुबिएलाने ओळखपत्र दाखवलं आणि गालिचा एका मिनिटात काउंटरवर आला. मार्लेनीने गिल्दार्दोकडे बोट केलं आणि विचारलं, "बाई, हे तुमच्याबरोबर आहेत ना?" रुबिएलाने उत्तर द्यायला, त्याच्या मते, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ घेतला.

उशा पूर्ण वाळायला रविवार उजाडला. मखमलीच्या दोन्हींना एकेका कोपऱ्यात गाठ आली होती आणि पक्ष्याचा कशिदा आटून त्याची मान आखडली होती. रुबिएलाने सगळ्या एका खुर्चीवर रचल्या, लोड वर ठेवला, आणि ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. "मांडा," ती म्हणाली. "मला बघायचंय."

गिल्दार्दोने मांडल्या. घाम फुटेपर्यंत मांडल्या. मोठ्या मागे, मग झालरीच्या, मग क्रोशाच्या, गोल मधोमध, पक्षी किंचित डावीकडे, सगळ्यांपुढे लोड. मागे सरून त्याने पाहिलं आणि त्याला प्रथमच वाटलं की हेच, असंच असायचं.

"बरोबर?"

"बरोबर असं काही नसतं हो त्यात. मी रोज वेगळ्या मांडायची."

"रोज?"

"रोज. सुरुवातीला तुम्हाला कळतंय का बघायला. नंतर माझी मला मजा वाटायला लागली."

एकतीस वर्षांचे दिवस किती होतात ह्याचा हिशेब गिल्दार्दोच्या मनात आपोआप सुरू झाला. त्याने तो मध्येच थांबवला. रागवावं की शरमावं, हे काही केल्या ठरेना. तोवर रुबिएला पुढे आली, पलंगावर वाकली, हाताने कुठेतरी काहीतरी केलं आणि बाजूला झाली.

"आता काय बदललं, सांगा."

गिल्दार्दो वाकला. मग चष्मा लावून वाकला. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, पायथ्याशी जाऊन पाहिलं.

"काहीच कळत नाही," तो म्हणाला.

"घाई नाही," रुबिएला म्हणाली, आणि रिकामी झालेली खुर्ची तिने पलंगासमोर ओढून दिली. "बसा. मी गुळाचं पाणी ठेवते."

तो बसला आणि पाहू लागला.